घरी भरलेले काडतूस स्वस्त पडते काय?



व्याख्यानमालेच्या पत्रकात माझ्या नावापुढे छापलेला विषय वाचून काही मंडळींना वाटले असेल, की छापखान्यात काहीतरी घोटाळा झाला. कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल. हा काडतुसांवर काय बोलणार? मी जन्मात बंदूक चालवलेली नाही आणि चालवण्याची इच्छाही नाही. पण हिशेब पाहणे हा माझा तीस वर्षांचा धंदा आहे, आणि एका हिशेबाने मला गेली काही वर्षे पछाडले आहे. तो अमेरिकेतला आहे आणि काडतुसांचा आहे. तो आज आपल्यापुढे मांडतो.

आधी एक खुलासा करतो, कारण सभागृहात तरुण मुलेही दिसताहेत. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे आणि शिक्षा जबर आहे. आपल्याकडे पोलिसांना सरावात झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून परत कराव्या लागतात. तेव्हा मी सांगतो ती पाककृती नव्हे. अमेरिकेत मात्र ही गोष्ट उघड चालते. तिथे असंख्य लोक घराच्या गॅरेजमध्ये, तळघरात, एका टेबलावर यंत्र बसवून वापरलेली काडतुसे पुन्हा भरतात. ते म्हणतात, विकतच्यापेक्षा घरचे स्वस्त पडते. खरेच पडते काय, एवढाच आपला प्रश्न.

काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आत बंदुकीची दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. टोपी म्हणजे काय हे लहान मुलालाही समजेल: दिवाळीत पिस्तुलात घालतो ती टिकली. घोड्याचा फटका बसला की टोपी पेटते, तिने दारू पेटते, आणि गोळी पुढे जाते. गोळी गेली, दारू जळाली, टोपी फुकट गेली. उरली ती पुंगळी. ह्या चौघांत सर्वांत किंमतीची तीच, आणि तीच शाबूत राहते. सगळ्या उद्योगाचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

ज्यांनी तांबट आळीत काम चाललेले पाहिले असेल त्यांना पुढचे सांगायला नको. पितळ ठोकत गेले की कडक होते, आणि कडक झाले की तडकते. म्हणून तांबट मधूनमधून भांडे भट्टीत धरून ताव देतो, ते मऊ करून घेतो आणि पुन्हा ठोकतो. काडतुसाच्या पितळेत ढोबळमानाने सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असते. कारखान्यात पत्र्याची वाटी कापतात, ती दाबून ओढून लांब करतात, प्रत्येक ओढीनंतर ताव देतात. बार उडाला की पुंगळी फुगते. घरी भरणारा माणूस ती डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणतो. असे अनेक वेळा झाले की तोंडाशी चीर पडते, आणि मग ती मोडीत जाते. पिस्तुलाची पुंगळी पुष्कळदा वापरता येते, रायफलीची त्या मानाने कमी.

सगळीच काडतुसे मात्र अशी भरता येत नाहीत. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. ते आमच्या रेल्वेचे नोकर, म्हणून आम्हां कामगारांना जरा अधिकच अभिमान. त्यांची रायफल लहान बोअरची, पॉइंट टू-टू. तिच्या काडतुसाला वेगळी टोपी नसतेच. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात भरलेला असतो आणि घोडा त्या काठावर पडून तो चेपतो. एकदा चेपला की चेपला. तिची रिकामी पुंगळी म्हणजे निव्वळ मोड. आणि १८५७ साली ज्या काडतुसांवरून शिपायांच्या मनाचा भडका उडाला ती कागदाची होती, दातांनी फाडायची. तिथे पुन्हा भरण्यासारखे काही उरतच नव्हते. पुनर्भरणीचा सारा धंदा पितळ आल्यानंतरचा आहे.

ह्यात एक गंमत आहे. पुंगळीच्या बुडाशी टोपी बसवण्याच्या दोन पद्धती १८६६ च्या सुमारास निघाल्या. एक काढली बॉक्सर नावाच्या इंग्रजाने, दुसरी बर्डन नावाच्या अमेरिकनाने. बॉक्सरच्या पद्धतीत मध्यभागी एकच भोक असते, त्यातून सुई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलता येते. बर्डनच्या पद्धतीत बाजूला दोन बारीक भोके असतात, टोपी काढताना नाकी नऊ येतात. झाले असे, की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने घेतली आणि अमेरिकनाची युरोपातल्या सैन्यांनी. घरी काडतूस भरणारा वर्ग अमेरिकेत एवढा वाढला त्याचे एक कारण हे बुडाचे एक भोक आहे. इतिहासात अशी भोके पुष्कळ असतात.

१८७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मैदानांवर बायसनांची जी बेसुमार कत्तल झाली, त्या वेळचे शिकारी शिसे आणि दारू बरोबर बाळगून रात्री तळावर बसून काडतुसे भरत. बाजार शेकडो मैल दूर. तिथे स्वस्त-महागाचा प्रश्नच नव्हता. १८८४ साली कनेक्टिकटमध्ये जॉन बार्लो ह्याने आयडियल नावाचा कारखाना काढून पक्कडीसारखे हत्यार विकायला आणले. पण हा छंद घरोघर पसरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. सरकारजवळ दारूचे ढीग उरले होते. ब्रूस हॉजडन नावाच्या कॅन्ससच्या माणसाने विम्यावर कर्ज काढून ती शिल्लक दारू घेतली आणि टपालाने विकली. नेब्रास्कात हॉर्नडीने १९४९ साली गोळ्यांचा कारखाना काढला. १९५८ साली विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली ह्याने हातोडीने ठोकून काडतूस भरण्याचा एक स्वस्त संच काढला. तो खिशात मावे. म्हणजे युद्धाची उरलेली दारू, युद्धातून परतलेले लोक आणि हाताशी सुट्टीचा वेळ, ह्यांतून हा धंदा उभा राहिला.

आता हिशेब. आमच्या युनियनमधले एक निवृत्त फिटर मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आले. शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये त्यांनी हे यंत्र पाहिले. फिटर माणूस, यंत्र दिसल्यावर गप्प कसा बसेल? रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागले. परत आले ते वहीत आकडे लिहूनच. ते मी नंतर वाचनालयात आणि इतरत्र मिळाले त्या आकड्यांशी ताडून पाहिले. मी सांगतो ते ढोबळ आहेत, २०१९ सालच्या किरकोळ बाजाराचे आहेत. पैसा-दोन पैशांचा फरक कोणी काढला तर माझी हरकत नाही.

नऊ मिलिमीटरचे साधे पिस्तुलाचे काडतूस घेऊ. दुकानात ते वीस सेंटच्या आसपास मिळे. घरी भरायचे तर टोपी तीन सेंट. दारू पौंडाने मिळते. पौंडाचे सात हजार ग्रेन होतात आणि एका काडतुसाला पाचेक ग्रेन लागतात, म्हणजे एका पौंडात चौदाशे काडतुसे. अठ्ठावीस डॉलरचा पौंड धरला तर दोन सेंट. गोळी आठ सेंट. पुंगळी जमिनीवरून वेचलेली, म्हणून फुकट. एकूण तेरा सेंट. एका काडतुसामागे सात सेंट वाचले. यंत्र, डाय, काटा आणि बाकीचे सामान मिळून साडेतीनशे डॉलर धरा. पाच हजार काडतुसे भरली की सामानाची किंमत फिटली, पुढचा सगळा फायदा. बहुतेक माणसे हिशेब इथे थांबवतात आणि वही मिटतात.

आमच्या फिटरने वही मिटली नाही. साधे यंत्र एका वेळी एकच काम करते. शंभर पुंगळ्या मापात आणा, मग शंभरांना टोप्या बसवा, मग दारू मोजून घाला, मग गोळ्या बसवा. तासाला पन्नास काडतुसे झाली म्हणजे माणूस नेटाने काम करतो म्हणायचे. पन्नास गुणिले सात सेंट म्हणजे साडेतीन डॉलर. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. म्हणजे आपल्या गॅरेजमध्ये स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर असलेला हा गृहस्थ स्वतःला कायद्याच्या किमान वेतनाच्या निम्म्याहूनही कमी मजुरी देत होता! फिटरने त्याला विचारले, "तुमच्या तासाचे किती धरलेत?" तो हसून म्हणाला, "माझ्या वेळेचे पैसे मला कोण देतो? धरायचे कशाला?"

हे वाक्य मला फिटरने सांगितले त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

घाई करून त्या माणसाला मूर्ख ठरवू नये. सगळ्याच काडतुसांचा हिशेब सारखा नाही. लांब पल्ल्याच्या नेमबाजीची थ्री-नॉट-एट जातीची उत्तम काडतुसे दुकानात दीड डॉलरला एक पडत. घरी गोळी चाळीस सेंट, दारू वीस, टोपी चार, पुंगळीची झीज सहा, असे सत्तर सेंट होतात. ऐंशी सेंट वाचले. हे काम बारकाव्याचे. पुंगळी कापून सारख्या लांबीची करायची, दारू काट्यावर तोलायची. तासाला पंचवीसच होतात. तरी वीस डॉलर तासाला पडले! ही चांगल्या कारागिराची मजुरी झाली. शिवाय आपल्या बंदुकीला मानवेल अशा मापाचे काडतूस दुकानात मिळत नाही, ते हातानेच भरावे लागते. जुन्या बंदुकींची काडतुसे तर कित्येकदा बाजारातून नाहीशीच झालेली असतात. तिथे भरणे हाच एक उपाय. तेव्हा स्वस्त पडते काय, ह्याचे खरे उत्तर असे: जिथे कारखाना लाखांनी माल काढतो तिथे हाताची मजुरी मातीमोल होते, आणि जिथे मोजका माल लागतो तिथे हाताला किंमत येते. आपल्याकडच्या विणकराला हे कोणी वेगळे सांगायला नको.

ह्यावर तिकडचे लोक दोन उत्तरे देतात. पहिले विनोदी आहे. ते म्हणतात, आमचे पैसे मुळीच वाचत नाहीत. तेवढ्याच पैशात आम्ही दुप्पट बार उडवतो. घरी लोणचे घातले म्हणून खर्च कमी होतो असे थोडेच आहे? बरण्या लवकर रिकाम्या होतात एवढेच. दुसरे उत्तर गंभीर आहे आणि मला ते मान्य आहे. ते म्हणतात, ही मजुरी नव्हे, हा आमचा विरंगुळा आहे. पत्ते खेळणाऱ्याला त्याच्या तासाचा भाव कोणी विचारतो काय? बरोबर आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र केले आणि १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली, ती त्या दिवशी कामगाराने काय करावे हे दुसऱ्या कोणी ठरवावे म्हणून नव्हे. त्याने झोप काढावी, भजनाला जावे, नाहीतर गॅरेजमध्ये बसून काही ठोकत राहावे. तो वेळ त्याचा. आणि ज्याचा वेळ त्याचा आहे त्याने तो शून्याने मोजला तर मी कोण बोलणार?

माझे भांडण आहे ते हा शून्य घरातून बाहेर पडून बाजारात जातो तेव्हा. १९९० नंतरच्या वर्षांत आमच्या औद्योगिक पट्ट्यात स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. चाळिशी उलटलेल्या पुष्कळ टर्नर-फिटरांनी मिळालेल्या पैशातून जुनी लेथ घेतली, भाड्याच्या शेडमध्ये बसवली आणि जॉबवर्क सुरू केले. आपण मालक झालो म्हणून पेढे वाटले, मीही खाल्ले. वर्षाने त्यांच्या वह्या पाहिल्या. वीज लिहिलेली, भाडे लिहिलेले, टूल-बिट लिहिलेले, चहासुद्धा लिहिलेला. रोजचे बारा तास मात्र कुठेच नाहीत. मी विचारी, "भाऊ, तुमच्या हजेरीचे किती?" ते म्हणत, "दादा, घरचेच काम, त्याचे काय लावायचे?" आणि तो न लावलेला आकडा नफा म्हणून शेवटच्या ओळीत बसलेला असे. बायको हिशेब ठेवते, मुलगा शाळेतून आल्यावर माल धुतो, त्यांचेही शून्य.

पुढे एका वाटाघाटीत मी टेबलाच्या अलीकडे बसलो होतो. पलीकडच्या साहेबांनी एक कागद सरकवला. म्हणाले, हा जॉब बाहेर एवढ्या दरात होतो, तुमच्या माणसाला आम्ही तिप्पट का द्यावे? तो दर मी ओळखला. तो त्याच शेडमधला होता. आपल्याच माणसाने आपल्या गॅरेजात स्वतःच्या तासापुढे घातलेला शून्य आता दुसऱ्याच्या पगाराच्या कागदावर येऊन बसला होता. विडी वळणाऱ्या बायकांचे तेच आहे. हजारामागे दर ठरतो. पाने भिजवणे, कापणे ह्या वेळेला घरकामाच्या खात्यात ढकलतात. अमेरिकेतल्या त्या शेजाऱ्याने आपला शून्य आपल्याच घरात ठेवला, त्याचे काडतूस बाजारात गेले नाही. म्हणून त्याचे चालले.

आता कोणी म्हणेल, यंत्र सुधारा म्हणजे झाले. तेही झाले आहे. ॲरिझोनातल्या डिलन नावाच्या कारखान्याने असे यंत्र प्रसिद्धीस आणले, की दांडा एकदा ओढला की एक पुरे काडतूस बाहेर पडते. फिरत्या ताटलीवर सगळी कामे एकाच वेळी होत असतात. तासाला चारशे होतात. चारशे गुणिले सात सेंट म्हणजे तासाला अठ्ठावीस डॉलर. पण सगळा सरंजाम हजार डॉलरच्या घरात जातो, तो फिटायला चौदा हजारांवर काडतुसे भरावी लागतात. पुंगळ्या वेचणे, निवडणे, धुणे ह्यांचे तास ह्यात नाहीतच. आणि वेग आला की त्याच्यामागून काय येते हे कारखान्यातल्या माणसाला ठाऊक आहे. लक्ष क्षणभर उडाले आणि एका पुंगळीत दारू दोनदा पडली, तर पिस्तूल हातातच फुटते. साध्या यंत्रावर पन्नास पुंगळ्या दिव्याखाली ओळीने मांडून आत डोकावून पाहता येते. वेगात ते राहून जाते. टोपीच्या मसाल्यात बहुधा शिशाचे संयुग असते. वापरलेल्या पुंगळ्या कोरड्या घुसळून स्वच्छ केल्या की त्याची धूळ हवेत उडते आणि पोटात जाते. कारखान्यात निदान हवा खेचणारे पंखे असतात, तपासणी असते, युनियन असते. गॅरेजमध्ये हा माणूस स्वतःच कामगार आणि स्वतःच फॅक्टरी इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर मालकाच्या जेवणाला आला की काय होते ते आपण जाणतोच. इथे तर तो मालकाच्या पोटातच बसला आहे.

आणि कारखान्यात सगळे असूनही काय होते? पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. खडकीचा, वरणगावचा, भंडाऱ्याचा असे कारखाने एका कंपनीत गेले. संघटनांचा त्याला विरोध होता. त्या वर्षी संसदेने संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदाही केला. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामगार मृत्युमुखी पडले. दुकानातल्या काडतुसाच्या वीस सेंटांत कोणाकोणाचे काय धरलेले असते आणि काय धरलेले नसते, हा हिशेब गॅरेजमधल्या हिशेबाहून लहान नाही. स्वस्त दिसणाऱ्या दोन्ही बाजूंकडे पाहिले पाहिजे.

शेवटची एक गोष्ट सांगतो, कारण तिकडचे लोक मोठ्या अभिमानाने म्हणतात की घरी भरणारा माणूस कोणाचा मिंधा नसतो. २०२० साली महामारी आली, निवडणूक आली, दंगेधोपे झाले आणि अमेरिकेत बंदुकींची आणि काडतुसांची झुंबड उडाली. २०२१ च्या सुरुवातीला जे काडतूस वीस सेंटला मिळे ते साठ सेंटच्याही वर गेले. कागदावर पाहिले तर घरी भरण्याचा हाच सुवर्णकाळ! पण यंत्रे झाकून ठेवलेली होती. कारण टोप्याच मिळेनात. तीन सेंटची टोपी दहा सेंटला आणि तीही नशिबात असली तर. ज्यांनी दोन वर्षे आधी पेट्या भरून ठेवल्या होत्या त्यांनी फायदा केला. पण तो त्यांच्या हाताचा नव्हता, साठ्याचा होता. ज्वारी पेवात भरून ठेवणाऱ्या सावकाराचा जो फायदा तोच.

पुंगळी वेचता येते, गोळी शिसे वितळवून ओतता येते. पण टोपी घरी होत नाही. तो मसाला इतका नाजूक आहे की करू पाहणाऱ्याचा हात जातो. अमेरिकेत टोप्या करणारी मोठी नावे चारच: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. रेमिंग्टनचे २०२० साली दिवाळे निघाले आणि तिचा काडतुसांचा धंदा फेडरल आणि सीसीआय ज्यांच्या होत्या त्यांनीच घेतला. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ह्या तिन्ही एकत्र एका झेक कंपनीला विकल्या गेल्या. म्हणजे विस्कॉन्सिन किंवा टेक्सासच्या गॅरेजमध्ये कोणाचा मिंधा नसलेला तो गृहस्थ दांडा ओढतो, तेव्हा चारांपैकी तीन पेट्यांवरच्या टोपीची मालकी आता प्राग शहरात आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. प्रश्न असतील तर मी इथेच आहे. फिटरची वहीही बरोबर आणली आहे.